पाय, कान आणि सही

भारतातलं सरासरी आयुर्मान सत्तरच्या आसपास आहे असं कुठेतरी वाचलं की नुकताच निवृत्त झालेला माणूस मनातल्या मनात वजाबाकी करतो, ‘म्हणजे दहा वर्षं राहिली.’ ही वजाबाकी चुकते. ते सत्तर आज जन्मलेल्या बाळाचं असतं. त्यात पाळण्यात दगावलेली मुलं आणि पंचविशीत अपघातात गेलेले तरुणही धरलेले असतात. साठीला पोचलेल्या माणसाने हे सगळे धोके मागे टाकलेले असतात, त्यामुळे त्याच्या वाट्याला सरासरी आणखी साधारण १८ वर्षं येतात, बायकांच्या थोडी जास्तच. आणि ही झाली सरासरी. पोटापाण्याची ददात नसलेल्या, वेळच्या वेळी डॉक्टरकडे जाणाऱ्या माणसाने नव्वदी धरूनच चालावं. म्हणजे नोकरी जेवढी वर्षं केली, जवळजवळ तेवढीच वर्षं पुढे आहेत.

म्हातारपणाची तयारी म्हटलं की आपल्याकडे पैसा आणि अध्यात्म या दोनच गोष्टी निघतात. दोन्हींवर बोलणारे भरपूर आहेत. पण पंच्याऐंशीव्या वर्षी माणूस समाधानात आहे का, हे बरंचसं दोन साध्या प्रश्नांवर ठरतं. स्वतःचं काम स्वतःला करता येतं का? आणि स्वतःबद्दलचा निर्णय अजून स्वतःच्या हातात आहे का? हा ताबा सुटायला लागतो तो बहुतेक वेळा तीन वाटांनी: पायांतून, कानांतून आणि सहीतून. तिन्हींची डागडुजी पन्नाशी-साठीत होऊ शकते. पुढे ती अवघड होत जाते, आणि सहीच्या बाबतीत तर एका टप्प्यानंतर होतच नाही.

पाय

जमिनीवर मांडी घालून बसा आणि हात न टेकता उठून दाखवा. ब्राझीलमधल्या क्लॉडिओ गिल अराउजो या डॉक्टरांनी याची रीतसर चाचणीच केली. बसायला पाच गुण, उठायला पाच. हात, कोपर किंवा गुडघा टेकला की एक गुण वजा, तोल डगमगला तर अर्धा. ५१ ते ८० वयाच्या २,००२ लोकांना त्यांनी असं बसवलं-उठवलं आणि पुढची सुमारे सहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्यांना तीन किंवा त्याहून कमी गुण होते, त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण आठ किंवा त्याहून जास्त गुण मिळवणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त निघालं.

याचा अर्थ उठाबशांनी आयुष्य वाढतं असा लगेच काढू नये. उठता येणं ही खूण आहे. त्यामागे पायांतली ताकद, सांध्यांची लवचिकता, तोल आणि वजन अशा चार गोष्टी असतात. गंमत अशी की मागच्या पिढीत ही परीक्षा दिवसातून पाच-सहा वेळा आपोआप होत असे. जेवायला पाट, पूजेला आसन, भाजी निवडायला जमीन, आणि संडास भारतीय पद्धतीचा. डायनिंग टेबल, सोफा आणि कमोड आल्यावर कित्येक माणसं महिनोन्‌महिने जमिनीवर बसतच नाहीत. गुडघे झिजले असतील त्यांनी हट्टाने बसू नये, हे खरं. पण ज्यांना अजून बसता येतं त्यांनी निदान दुपारचं जेवण खाली बसून घ्यायला काय हरकत आहे?

आत काय होतं ते पाहू. तिशीनंतर स्नायू दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर स्नायूंच्या आकारापेक्षाही लवकर जाते. शिवाय सगळे स्नायू सारखे घटत नाहीत. स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. एक हळू पण दमदार, चालताना लागणारे. दुसरे झटक्याने काम करणारे. फरशीच्या कडेला पाय अडखळला तर पडण्याआधी दुसरा पाय पुढे टाकायला सेकंदाचा काही अंशच हातात असतो, आणि तिथे हे झटक्याचे तंतू लागतात. वयाबरोबर आधी जातात ते हेच.

म्हणून ‘मी रोज पाच किलोमीटर चालतो’ एवढ्यावर भागत नाही. हे वाक्य ज्येष्ठ नागरिक संघाच्या बाकावर रोज ऐकू येतं, आणि म्हणणारा ते अभिमानाने म्हणतो. चालणं हृदयाला चांगलं, साखरेला चांगलं, झोपेला आणि गप्पांना तर फारच चांगलं. पण खुर्चीतून उठायला किंवा एसटीच्या पायरीवर चढायला जी ताकद लागते, ती सपाट रस्त्यावर चालून फारशी वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये पासष्टीपुढच्यांसाठी तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा, आणि निदान तीन दिवस तोल सांभाळण्याचा. आपण पहिली करतो आणि उरलेल्या दोन सोडून देतो.

आता या वयात काय व्यायाम, असं म्हणणाऱ्यांना बोस्टनचा प्रयोग सांगावा. १९९० मध्ये तिथल्या वृद्धांच्या एका रुग्णालयात सरासरी नव्वद वर्षांच्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. शेवटपर्यंत टिकलेल्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत स्नायू वाढतात, तर पासष्टीत न वाढायला काय झालं? फक्त वजन हळूहळू वाढवत न्यावं लागतं. जो व्यायाम बारा-पंधरा वेळा सहज होतो, तो आता सोपा झाला असं समजायचं.

घरी करायचं ते साधं आहे. बिनहाताची, न सरकणारी खुर्ची भिंतीला लावून ठेवा. दोन्ही हात छातीवर घडी घालून तीस सेकंदांत कितीदा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयात पुरुषांना १४ आणि बायकांना १२ पेक्षा कमी जमलं, तर ताकद सरासरीखाली आहे असं मानतात. सत्तरीच्या सुरुवातीला हेच आकडे १२ आणि १०. ही चाचणी हाच व्यायामही आहे. जोडीला ओट्याला धरून टाचा उचलणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, रबरी पट्टा ताणणं. तोलासाठी चहा उकळेपर्यंत ओट्यापाशी एका पायावर उभं राहायचं, हात ओट्याच्या जवळ ठेवून. त्याच ब्राझीलच्या चमूने २०२२ मध्ये छापलेल्या अभ्यासात ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांपैकी पाचातल्या एकाला दहा सेकंद एका पायावर उभं राहता आलं नाही, आणि पुढच्या सात वर्षांत मृत्यूचा धोका त्यांच्यातच जास्त दिसला. रक्तदाब, हृदयविकार, चक्कर यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, हे वेगळं सांगायला नको.

व्यायामाइतकाच ताटातही घोळ आहे. म्हातारे स्नायू प्रथिनांना जरा उशिरा आणि कमी दाद देतात, म्हणून वयस्कर माणसाला तरुणापेक्षा जास्त प्रथिनं लागतात. तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सांगतात. म्हणजे ६० किलोच्या आजींना रोज ६० ते ७० ग्रॅम. आता एका नेहमीच्या शाकाहारी दिवसाचा हिशेब घाला. दोन चहातलं दूध ३ ग्रॅम, सकाळचे पोहे ४-५, दुपारी दोन पोळ्या, वाटीभर वरण, भाजी आणि भात मिळून १६, संध्याकाळी दोन बिस्किटं, रात्री ‘हलकं’ म्हणून मुगाची खिचडी आणि ताक १०. बेरीज पस्तिशीच्या आसपास जाते आणि थांबते. निम्मीच. आणि वय वाढलं की आपण काय करतो? रात्रीचं जेवण दूधपोह्यांवर आणतो. त्यापेक्षा वरणाला पाणी कमी, वाटी मोठी. रोज मोड आलेल्या कडधान्याची उसळ, सकाळी पोह्यांऐवजी अधूनमधून धिरडी किंवा थालीपीठ-दही, मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे. अंडं चालत असेल तर एका अंड्यातून ६ ग्रॅम मिळतात. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र हे सगळं डॉक्टरांना विचारूनच करावं.

पायांचा एवढा विस्तार कशासाठी, तर पडू नये म्हणून. साठीपर्यंत पडलेला माणूस उठतो, कपडे झटकतो. ऐंशीत पडलेल्याचं खुब्याचं हाड मोडतं. मग शस्त्रक्रिया, अंथरूण, अंथरुणात आणखी घटलेले स्नायू, छातीत कफ. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक वर्षभरात दगावतो आणि उरलेल्यांतले कितीतरी पूर्वीसारखे चालत नाहीत. या पडण्याच्या जागा ठरलेल्या असतात. बाथरूमचा उंबरा, साबणाने निसरडी झालेली गुळगुळीत टाईल, दारातलं सुटं पायपुसणं, आणि रात्री दोन वाजता दिवा न लावता संडासाकडे निघालेली वाट. कमोडशेजारी आणि शॉवरखाली भिंतीत नीट बसवलेला स्टीलचा दांडा लागतो. टॉवेल टांगायच्या दांड्यावर भार टाकला तर तो भिंतीतून हातात येतो. झोपेची गोळी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या उठताना गरगरवतात. म्हणून अंथरुणात आधी मिनिटभर बसावं आणि मग उभं राहावं. घराचं नूतनीकरण करताना पन्नास हजारांचं फॉल्स सीलिंग करणारी माणसं हजार-दोन हजारांचा दांडा लावायला का कां-कू करतात, हे मला कळलेलं नाही. तो दांडा लावला की घरात म्हातारपण आलं असं वाटत असावं.

कान

वयाबरोबर आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज. स, श, फ, थ यांसारख्या वर्णांची टोकं पुसली जातात. म्हणून आजोबा म्हणतात, ‘ऐकू येतं रे, कळत नाही.’ ते खरंच सांगत असतात. घरचे मात्र ओरडून बोलतात. त्याने आवाज मोठा होतो, स्पष्ट होत नाही. मग लग्नाच्या पंगतीत, चौघांच्या गप्पांत विनोद निसटतो. दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटते. माणूस हळूहळू खुर्ची मागे घेतो आणि टीव्ही मोठा करतो.

याचा संबंध मेंदूशीही आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे १४ टाळता येण्याजोगे धोके मांडले आणि ते सगळे काबूत आले तर जवळजवळ ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा त्यांचा आजार पुढे ढकलला जाईल असा अंदाज दिला. त्यात मध्यम वयातलं बहिरेपण आणि वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल हे दोन सर्वांत मोठे वाटेकरी. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा, उपचार न केलेली अधू दृष्टी हे त्याच यादीत. श्रवणयंत्राने प्रत्येकाची स्मरणशक्ती वाचते असं मात्र दिसलेलं नाही. अमेरिकेतल्या २०२३ च्या एका मोठ्या चाचणीत फायदा दिसला तो आधीच जास्त धोका असलेल्या वृद्धांना. तरी ऐकू येणं हा स्वतःच पुरेसा फायदा आहे. पहिले दोन-तीन महिने यंत्रातून भांड्यांचा खणखणाट फार होतो आणि लोक ते कपाटात टाकतात. मेंदूला त्याची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो आणि यंत्राचा आवाज ऑडिओलॉजिस्टकडून दोन-तीनदा जुळवून घ्यावा लागतो. शिवाय ऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा यंत्र घेणाऱ्यापेक्षा पासष्टीत घेणाऱ्याला ते लवकर अंगवळणी पडतं. चष्म्याची जशी कुणाला लाज वाटत नाही, तशी याची का वाटावी?

पैशाचं थोडक्यात

महागाई ६ टक्के धरली तर किमती १२ वर्षांत दुप्पट होतात. साठाव्या वर्षी महिना ५०,००० रुपयांत भागणाऱ्या घराला बहात्तराव्या वर्षी १ लाख आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी २ लाख लागतील. म्हणून सगळी पुंजी ठेवीत ठेवून सगळं व्याज खाऊन टाकणं सुरुवातीला निर्धास्त वाटतं आणि पंधरा वर्षांनी अंगावर येतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. ८.२ टक्के दराने त्यावर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात (नवी ठेव ठेवताना त्या तिमाहीचा दर बघून घ्यावा). पाया म्हणून हे ठीक, पण काही भाग महागाईच्या पुढे पळणाऱ्या गुंतवणुकीत राहू द्यावा लागतो.

सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट नाही. कुटुंबातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार मिळतात. कार्ड ठणठणीत असतानाच काढून ठेवा. आयसीयूबाहेर उभं राहून मोबाइलवर ओटीपी शोधत बसणं नको.

एक गोष्ट जोडप्यांच्या हिशेबात हटकून राहते. बायका जास्त जगतात आणि नवरा सहसा तीन-चार वर्षांनी मोठा असतो, त्यामुळे शेवटची पाच-सात वर्षं बाई एकटी असण्याची शक्यताच जास्त. जुन्या निवृत्तिवेतन योजनेतल्या सरकारी निवृत्तांना साधारण शेवटच्या पगाराच्या निम्मं निवृत्तिवेतन मिळतं, पण मागे राहिलेल्या पत्नीला नेहमीच्या दराने त्याच पगाराच्या ३० टक्के. खर्च काही त्या प्रमाणात कमी होत नाही. तेव्हा तिच्या एकटीच्या नावावर खातं हवं, ते तिला चालवता यायला हवं आणि कुठे काय ठेवलंय हे तिला आज ठाऊक हवं.

सही

आता सर्वांत दुर्लक्षित भाग. ‘सगळीकडे नॉमिनेशन केलंय’ म्हणून निश्चिंत असलेली माणसं घरोघरी भेटतात. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. बँकेने किंवा सोसायटीने पैसे अथवा फ्लॅट कुणाच्या हाती द्यायचा, एवढंच नॉमिनेशनने ठरतं. मालकी ठरते मृत्युपत्राने, ते नसेल तर वारसा कायद्याने. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही हेच लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. महाराष्ट्रात गृहनिर्माण सोसायटीही नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते, मालक नाही. आयुर्विम्यात मात्र २०१५ पासून जोडीदार, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर पैसा त्यांचाच होतो. थोडक्यात, नॉमिनेशन कराच आणि मृत्युपत्रही करा. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. साध्या कागदावर चालतं. दोन साक्षीदार हवेत आणि ते ज्यांना काही मिळणार आहे त्यांच्यापैकी नसावेत. वय जास्त असेल तर ‘सही करताना शुद्धीत होते’ असा डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशी घ्यावा. पुढे भांडण झालंच तर ते याच मुद्द्यावर होतं.

मृत्युपत्राऐवजी जिवंतपणीच घर मुलाच्या नावावर करून मोकळं व्हायची घाई करणारे खूप. महाराष्ट्रात राहतं घर मुलांना बक्षीसपत्राने देताना मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये पडतं, हा मोह मोठा. पण बक्षीसपत्राची सही झाली की घर गेलं. मृत्युपत्र शेवटपर्यंत कितीही वेळा बदलता येतं, बक्षीसपत्र सहसा नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ म्हणतं की सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडली तर, न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकतं. हे न्यायाधिकरण म्हणजे आपल्या ओळखीचं प्रांत कार्यालय. यातली मेख ‘अटीवर’ या शब्दात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अट सिद्ध व्हायला हवी असं सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका निकालात कायद्याचा अर्थ वृद्धांच्या बाजूने, उदारपणे लावावा असं म्हटलं. द्यायचंच असेल तर सांभाळाची आणि हयातभर राहण्याची अट दस्तातच लिहून घ्या. खरं सांगायचं तर देऊच नका. मृत्युपत्र करा आणि घर आपल्या नावावर राहू द्या. मुलं चांगली असतील तर त्यांचं त्यात काही बिघडत नाही.

याहून अवघड प्रसंग असतो तो माणूस हयात असताना समज जाण्याचा. पक्षाघात झाला, स्मृतिभ्रंश वाढला, आणि ठेव मोडून उपचार करायचे आहेत. ‘मुलाकडे मुखत्यारपत्र आहे ना’ असं लोक म्हणतात. आपल्या कायद्यात करून देणाऱ्याचीच समज गेली तर ते मुखत्यारपत्र संपतं. नेमकं लागतं तेव्हाच ते उपयोगाचं राहत नाही. मग कुटुंबाला पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. वकील, वैद्यकीय मंडळाचा अहवाल, तारखा. यावर आधी करण्याजोगा साधा उपाय म्हणजे खाती आणि ठेवी विश्वासाच्या माणसाबरोबर संयुक्त करणं, ‘दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहणारा’ या पद्धतीच्या. ठेव मुदतीआधी मोडायला दोघांच्या सह्या लागणार का, हे बँकेला आजच विचारून लेखी सूचना देऊन ठेवा. हात थरथरतो, सही जुळत नाही, एवढीच अडचण असेल तर बँकेने साक्षीदारांसमोर अंगठा घ्यायचा असतो. काउंटरवरच्या माणसाला हा नियम ठाऊक नसला तर व्यवस्थापकाला भेटावं.

आणि शेवटच्या आजारातला निर्णय. बरं होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही, हे आज स्वतः लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला त्याला मान्यता दिली, पण तेव्हाची पद्धत इतकी किचकट होती की कुणी तिच्या वाटेला जाईना. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती साक्षांकित केली की झालं. आपल्या वतीने बोलायला एकापेक्षा जास्त माणसं नेमता येतात. एक प्रत महापालिकेत किंवा नगरपालिकेत यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची, एक फॅमिली डॉक्टरांना. दिवाळीला सगळी मुलं घरात असतात तेव्हा हा कागद त्यांना वाचून दाखवावा. पहिली पाच मिनिटं कुणाला बोलवत नाही. मग परदेशातल्या मुलीचे आणि इथल्या मुलाचे प्रश्न सुरू होतात, आणि दोघांची मतं वेगळी आहेत हे आईबापांच्या समोरच कळतं, रुग्णालयाच्या जिन्यात नाही.

एवढं झाल्यावर मूळ मृत्युपत्र बँकेच्या लॉकरमध्ये मात्र टाकू नका. लॉकर एकट्याच्या नावावर असेल आणि नॉमिनी नसेल, तर तो उघडण्यासाठी बँक आधी वारसाचे कागद मागते.